पायथ्यापासून

दत्ताकाका मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी सगळ्यात लांबच्या टोकाला लावायचे, दाराजवळ जागा रिकामी असली तरी. अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या थंडीत काकू करवादायच्या, "अहो, कान गळून पडतील माझे!" काकांचं उत्तर ठरलेलं. "दारात गाडीतून उतरतो तो पाहुणा. गड पायथ्यापासून चढायचा असतो."

पुण्यात कॉलेजात असताना त्यांनी सह्याद्रीतले बरेच गड पालथे घातले होते. मग इंजिनिअर होऊन इकडे आले. घर, मॉर्टगेज, बर्फ. आमच्या शेजारीच राहायचे. ऐंशीच्या दशकात, ऐन पन्नाशीत, त्यांना नसांचा आजार झाला. आधी पाय जातील, मग हात, मग श्वास, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचे. खोटा धीर देणं मला जमत नाही आणि काकांनी तो मागितलाही नाही. "पाय आहेत तोवर एक गड," एवढंच म्हणाले.

गड निवडला तो इटलीतला. ऑफिसातल्या एका मित्राच्या आजोबांचं गाव होतं ते. डोंगरमाथ्यावर वस्ती, भोवती तट, बुरूज, एकच दरवाजा.

"देशात का नाही जात?" मी विचारलं.

"तिथे नातेवाईक खुर्चीत बसवतील आणि भोवती रडत बसतील. इटलीत मला कोण ओळखतं?"

तिथे भाड्याने गिअरचीच गाडी मिळत होती आणि ती काकूंना चालवता येत नव्हती, म्हणून मलाही नेलं.

रस्ता थेट गावाच्या दरवाजापर्यंत जात होता. "अहो, बस वर जातेय बघा," काकू म्हणाल्या. काका खालीच उतरले. काठी टेकत पहिलं वळण चढले. दुसऱ्या वळणावर पाय उचलेना. रस्त्याकडेच्या कठड्यावर ते बसले ते बसलेच.

"काका, गाडी आणते."

"वर न्यायला आणू नकोस. तू जाऊन ये. पाणी कुठे आहे तेवढं बघ. तट काय, कोणीही बांधतो; पाणी असेल तर गड."

मी गेले. बरीचशी घरं कुलूपबंद होती. चौकात विहीर होती, वर लोखंडी जाळी ठोकलेली, तळाशी सिगरेटची थोटकं. खाली येऊन मी पाहिलं ते सांगितलं.

"कोरडी?"

"कोरडी."

"मग पडला गड," काका म्हणाले. आम्ही दोघींनी धरून त्यांना गाडीत बसवलं. "इतक्या लांब आलोय, निदान दरवाजा तरी बघा हो," काकू म्हणत राहिल्या. काकांनी मान वळवली नाही.

परतल्यावर घराला रॅम्प बसवला. व्हीलचेअरची व्हॅन पहिल्यांदा दारात लागली, तेव्हा काका माझ्याकडे बघून म्हणाले, "आता मी पाहुणा." पुढे त्यांचं बोलणंही गेलं.

पुढच्या हिवाळ्यात ते घरीच वारले. त्यांना न्यायला आलेली फ्युनरल होमची गाडी अगदी दाराला टेकून उभी होती. काकू तोवर रडल्या नव्हत्या. माझा दंड धरून म्हणाल्या, "त्याला सांग गं, गाडी जरा लांब लाव म्हणावं. खाली, रस्त्यावर."

मी जाऊन सांगितलं. ड्रायव्हरने उताराकडे बोट दाखवलं. दारापासून रस्त्यापर्यंत सगळा ड्राइव्हवे गोठून निसरडा झालेला होता. "सॉरी, मॅम," तो म्हणाला.

गाडी दारातच राहिली.