समाचाराला येणाऱ्या काकू

लहानपणी आम्ही पाच जण एका खोलीत राहायचो. तिथे कुंडीलाही जागा नव्हती. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधली ही बाग माझ्या हातची.

मार्चमध्ये मी बागेतल्या गेल्या वर्षीच्या वाळक्या काड्या कापत असे. तेव्हा मुलाकडे राहायला आलेल्या एक काकू, साडीवर स्नीकर्स घालून, फिरताना रोज कुंपणाशी थांबत. समाचाराला आल्यासारखा पदर सावरून हळूच विचारत, “सगळंच गेलं का गं?”

“नाही काकू, मुळं जिवंत आहेत. पुन्हा फुटतील.”

“हो, हो. धीर सोडू नकोस.”

त्या गेल्या की मलाच रडू फुटायचं बाकी राही.

एका सकाळी मातीतून लालसर कोंब वर आले. काकू वाकून बघत राहिल्या.

“आलं बाई सुखरूप. पण फार बारीक आहे गं. नीट खायला घाल.”

माझ्या बागेने पहिला हिवाळा काढला.