दीपमालेचा निळा पंप

माझी मुलगी दीपमाला मलकापुरात कापसाच्या आडतीवर वजनकाट्यापाशी बसते. दम्याची पोरगी आणि नोकरी कापसाच्या धुळीत; यावर मी पुष्कळ भांडले. ती तोंडाला स्कार्फ बांधते, ठरलेलं औषध सकाळ-संध्याकाळ ओढते आणि निघते. सुट्टीत वस्तीतल्या मुलींना लेझीम शिकवते. घाबरण्याचं खातं घरात माझ्याकडे आहे.

धूर-धूळ लागली की तिच्या श्वासनळ्या आवळतात आणि अडचणीच्या वेळचा निळा पंप त्यांना सैल करतो, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. मी बी.ए. झालेली, लगेच समजलं. जरा काही झालं की मीही अशीच आवळते. माझ्यासाठी मात्र अजून पंप निघालेला नाही.

यंदा भीमजयंतीच्या मिरवणुकीत तिचं पथक होतं. निळा पंप तिने माझ्या पर्समध्ये ठेवायला दिला होता. ऐन वेळी चालला नाही तर? म्हणून मी तो हवेत दाबून पाहिला. घरी फळीवर असायचा तेव्हाही येता-जाता असाच पाहायची.

"काऊन वो, डास मारून राह्यल्या काय?" शेजारच्या बेबीताईंनी विचारलं.

चौकात गुलाल उडाला, फटाके लागले. दीपमाला लेझीम थांबवून बाजूला आली आणि दुकानाच्या पायरीवर ताठ बसली. छातीत शिटी वाजत होती. मी पंप दिला. तिने हलवला, तोंडाला लावून ओढला. थोडं थांबून पुन्हा ओढला. शिटी तशीच.

"आई... खाली आहे हा. कोणं संपवला?"

बेबीताई म्हणाल्या, "तुह्या आईनं. डासाईवर."

दीपमालेने कमरेच्या पाकिटातून दुसरा पंप काढला. ओढला, थांबली, पुन्हा ओढला. मी तिचे खांदे पाहत राहिले. हळूहळू ते खाली आले. शिटी विरली.

"दुसरा होता, तर मले काऊन दिला होता?"

"तुले हातात काही धरायले लागते म्हणून."

"घरी चल."

"नाही. पण गुलालात बी जात नाही."

ती वाऱ्याच्या बाजूला उभी राहिली आणि टाळ्या वाजवून मुलींना ताल देऊ लागली. दोन्ही पंप तिने स्वतःकडे ठेवले. माझ्याकडे पाण्याची बाटली दिली.

झाकण नीट लागलं आहे का, हे मी फक्त दोनदा पाहिलं.