पोराच्या भारोभार शेंगा

बाईंच्या हाती काहीही द्या, त्या आधी ते तळहातावर तोलून पाहणार. माझ्या टेबलावरचा काचेचा पेपरवेटही त्यातून सुटला नव्हता. "पावशेराला थोडा कमीच भरंल, भाऊसाहेब," म्हणायच्या. बसा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसते कशाला, पोरं थांबल्यात."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती समोर उभी राहिली की आपल्यालाच खुर्ची टोचायला लागते.

दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. मी शिरूरला पंचायत समितीत कारकून होतो. बाई घोड नदीकाठच्या एका गावात, बौद्धवाड्यातल्या एका खोलीत बालवाडी चालवायच्या. मुलांना रोज दुपारी उसळ-भाकरी मिळावी, आयांना खाण्यापिण्यातल्या चार गोष्टी शिकवाव्यात, यासाठी अनुदान होतं. मार्चच्या आत अर्ज मंजूर झाला नाही तर पैसे परत जाणार होते. अर्जात प्रत्येक मुलाचं वजन लिहायचं होतं आणि बाईंचा तो रकाना कोरा. मी तांबड्या पेन्सिलीनं शेरा मारून अर्ज परत केला. महिन्याभरानं तो तसाच कोरा आला, मी पुन्हा परत केला. नियम मी केला नव्हता, पण तो दाखवताना मला बरं वाटायचं, हे आता कबूल करतो.

"आया पोरं काट्यावर घालू देत न्हाईत. नजर लागती म्हणत्यात," बाई म्हणाल्या. "पर माझ्या हाताला कळतं की. आमच्या बालवाडीतली सुमी नऊ किलो हाय. बारीक हाय, पर तग धरंल."

"हाताचं वजन सरकारला चालत नाही, बाई."

"मग काट्याचं आणते," म्हणाल्या आणि निघाल्यासुद्धा.

त्याच सुमारास गावात कुणीतरी नवस फेडायला नातवाची गुळाची तुला केली. गुळासमोर बसलेल्या पोराला मात्र नजर लागत नाही, हे बाईंनी हेरलं. आठ दिवसांत अडत्याचा मोठा तराजू चावडीपुढच्या लिंबाला टांगला. ज्याला जमेल त्यानं पोराच्या भारोभार शेंगा, मटकी नाहीतर गूळ द्यायचा, तो बालवाडीच्या पातेल्यासाठी. पोर उतरवून समोरच्या जिनसाचं वजन करायचं आणि तोच आकडा रकान्यात. साहेबांनी खात्री करायला मला धाडलं.

"बाई, तुम्ही कधीपासून नवस मानायला लागलात?" मी चिडवलं.

"नवस न्हाई मानत. वजन मानते."

पाटलीणबाई नातवाला घेऊन बराच वेळ लांब उभ्या होत्या. बौद्धवाड्यातल्या बाईच्या हाती पोर द्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण शेजारणीच्या पोरासमोर शेंगांची रास पाहिली आणि त्यांच्याच्यानं राहवलं नाही. बाईंनी पोर पारड्यात ठेवता ठेवता बजावलं, "काकी, घरच्या शेंगांतल्या मूठभर रोज ह्यालाबी द्या. बाजारालाच नका धाडू सगळ्या."

सुमी तीन वर्षांची. आई मजुरीला जायची, तिच्या पदरात आणायला काही नव्हतं. बाईंनी आधीच्या शेंगांतल्याच नऊ किलो पारड्यात राहू दिल्या आणि सुमीला समोर बसवलं. तिचं पारडं वर गेलं ते खाली येईना. बाई शेंगा काढत राहिल्या, ओंजळीवर ओंजळ. दांडी सरळ झाली तेव्हा शेंगा साडेसहा किलो भरल्या.

"लिहा," बाई म्हणाल्या. मग हळूच, "रोज कडेवर घेते मी हिला. नऊच वाटायची."

माझा नियम बरोबर ठरला होता आणि मला लाज वाटत होती. मी टेबलामागून उठून आलो असतो तर सुमीचं वजन दोन महिन्यांपूर्वीच कळलं असतं.

अर्ज मंजूर झाला. सुमी वाचली, हे सांगून टाकतो. बाई सहीला आल्या तेव्हा ती कडेवर बसून माझं टेबल लाथाडत होती. मी मुद्दाम पेपरवेट पुढे सरकवला. बाईंनी हात लावला नाही.

"सोडलं ते, भाऊसाहेब."

मला फार वाईट वाटलं.

पुढे माझी दौंडला बदली झाली. बाई वारल्याचं तिथंच कळलं, शिरूरहून आलेल्या एकाकडून, तेही दहा दिवसांनी. त्याच दुपारी एका वाडीवरच्या बालवाडीचा अर्ज टेबलावर आला. वजनाचा रकाना कोरा. मी तांबडी पेन्सिल उचलली आणि ठेवून दिली. कपाटातला काटा पिशवीत घातला आणि एसटीची वेळ विचारली.

"ऊन उतरू द्या की," शिपाई म्हणाला. "बसा जरा."

"बसतो कशाला," मी म्हणालो. "पोरं थांबल्यात."