अश्दोदच्या जिन्यात सुटलेला बैल

मला एक सांगा, युद्ध चालू असताना विश्वास कोणावर ठेवायचा? टीव्हीवर ओरडणाऱ्यावर, फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणणाऱ्या बायकोवर, की कुकरच्या शिट्टीवर?

हसू नका. मी शिट्टीवर ठेवतो.

नाहूर स्टेशनपासून पाच मिनिटांवर माझं कुकरदुरुस्तीचं आणि स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी आठवीत होतो, आणि घरातून शाळेपेक्षा फुटपाथ जवळ पडायचा. कुकरच्या रबरी रिंगा घेऊन तिथे बसलो, त्याचंच पुढे दुकान झालं. बाहेर एक बाकडं ठेवलंय. गिऱ्हाइकाचा कुकर खोलून परत लावेपर्यंत दहा मिनिटं जातात, आणि आपल्याकडचा माणूस दहा मिनिटं गप्प बसू शकत नाही. जुन्या रिंगा भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, ते माझ्याकडेच साचतात. अलीकडे साचलेले बरेचसे इस्राएलचे आहेत. आता नाहूरच्या कुकरवाल्याचा इस्राएलशी काय संबंध, तर त्याला कारण बेनी.

*

बेनी मुलुंडला राहतो. बेने इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू. गाव अलिबागकडचं, भाषा मराठी, पापलेट म्हटलं की माणूस उठून बसतो. त्याच्या वडिलांचा गावात तेलाचा घाणा होता. शनिवार त्यांचा देवाचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. थोरली बहीण रिबकाबाय लग्नानंतर इस्राएलला गेली, त्याला साठ वर्षं झाली. ती अश्दोदला असते, समुद्रकाठी.

एक दिवस बेनी बाकड्यावर येऊन बसला तो तोंड पाडूनच.

"नाना, बाय हिब्रू विसरली रे."

"म्हणजे?"

"म्हणजे वयाने सगळं पुसत चाललंय. साठ वर्षांचं हिब्रू गेलं, खालून लहानपणची मराठी वर आली. पोरगा तिकडेच, दूर हैफा शहरात असतो, त्याला मराठी येत नाही. सांभाळायला बाई ठेवली, तिला मराठी येत नाही. बाय दिवसभर पाणी मागते आणि ती बाई खिडकी उघडते."

त्यांना मराठी बोलणारी बाई हवी होती. भरवशाची. "तू इतक्या लोकांना ओळखतोस," बेनी म्हणाला, "कोणाचं नाव सांगशील?"

मी लगेच सांगितलं, सुनंदा.

सुनंदा मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये आया होती. माहेर अकोल्याकडचं, नवरा मिलिंद वायरमन, माझ्याच दुकानाचं वायरिंग त्याने केलंय. तिची आणि माझी ओळख एवढीच, की एकदा मी तिला कुकरची शिट्टी विकली आणि डबीत चुकून दोन गेल्या. भर दुपारी ती एक शिट्टी परत द्यायला चालत आली. मी म्हटलं, "अगं, राहू द्यायची होतीस." ती म्हणाली, "कुकर एकच आहे, नाना. दुसरी काय मी वाजवू?"

भरवसा याहून वेगळा कुठे मोजतात, मला तरी ठाऊक नाही.

*

इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर झाला, माझ्याच दुकानात, कारण नेट माझं चांगलं. हैफाचा मुलगा इंग्रजीत विचारत होता, अनुभव किती वर्षांचा, ब्लडप्रेशर बघता येतं का. सुनंदाचं इंग्रजी घाबरल्यावर पळून जातं. ती नुसती "येस सर" म्हणत होती. दोन प्रश्नांना तर "नो" म्हणायला हवं होतं, तिथेही येस सर. मला वाटलं, वाट लागली.

तेवढ्यात मुलाच्या मागून एक पांढरं डोकं पुढे आलं. "कोण गो तू?"

"मी सुनंदा."

"जेवलीस?"

"जेवले, आजी."

"काय केलंवतंस?"

"सुकट आणि भाकरी."

म्हातारी मुलाकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "हिला आत घे. बाहेर का उभी केलीस?"

मुलाला एक अक्षर कळलं नाही, पण त्याने डोळे पुसले. बेनीला नंतर म्हणाला, आई सहा महिन्यांनी कोणाच्या तरी बोलण्याला उत्तर देत होती.

*

कागदपत्रं, मेडिकल, व्हिसा होऊन सुनंदा निघाली, तेव्हा मी तिला तीन लिटरचा कुकर दिला. विमानतळावर तिकडच्या सिक्युरिटीवाल्यांनी तो टेबलावर ठेवला आणि चार जण भोवती उभे राहिले. सुनंदाने झाकण लावून दाखवलं, काढून दाखवलं, मग हाताने भात खाल्ल्याची खूण केली. त्यातला एक म्हणाला, आमच्या शेजारच्या आजीकडे होता असा. सोडलं.

अश्दोदच्या घरात पहिल्यांदा शिट्टी झाली तेव्हा समोरचं दार उघडलं, वरचं दार उघडलं. वरच्या मजल्यावरचे रशियन आजोबा तर सायरन समजून, तळघरात बसायला खुर्ची घेऊनच खाली निघाले होते. सुनंदाने त्यांना झाकण उचलून वरण दाखवलं. तिकडचे लोक भांडण फार वेळ धरत नाहीत म्हणे. आजोबांनी वाटीभर वरण घेतलं, खुर्ची टाकून तिथेच खाल्लं. दुसऱ्या दिवशी शिट्टी उशिरा झाली, तर स्वतः येऊन विचारून गेले, आज काय झालं?

*

मग युद्ध सुरू झालं.

मिलिंद कामावर जायचा बंद झाला. बाकड्यावर बसायचा, मोबाईलवर बातम्या. एका दुपारी अँकर किंचाळला, "अश्दोद हादरलं." याने फोन लावला.

"सुनंदा, कुठे आहेस?"

"ओट्याजवळ. भेंडी चिरतेय. नंतर कर ना, बुळबुळीत होतात हात."

दोन दिवसांनी उलटं. टीव्हीवर दिवसभर क्रिकेट, हा निवांत, आणि संध्याकाळी कळलं की त्या दिवशी अश्दोदला तीनदा सायरन वाजला होता. "मला का नाही सांगितलंस?" तर म्हणे, तुझं बीपी.

"नाना, आता ती ठीक आहे म्हणाली तरी मला खरं वाटत नाही," मिलिंद म्हणाला. "ती माझ्यासाठी खोटं बोलते."

मी विचार केला. बाई खोटं बोलेल, कुकर बोलणार नाही. वाफ धरायला गॅस चालू लागतो, घर जागेवर लागतं, आणि दहा मिनिटं शांतता लागते. सुनंदाला सांगितलं, बोलू नकोस, रोज दुपारी शिट्टी रेकॉर्ड करून पाठव. आपला ग्रुप झाला, बेनी, मिलिंद आणि मी. जेवणाच्या सुमाराला ती एक शिट्टी यायची आणि आम्ही तिघे आपापल्या ताटावर बसायचो.

एकदा शिट्टी आली आणि मिलिंद पांढरा पडला. "आवाज वेगळा आहे."

मी दोनदा ऐकली. "अरे, रिंग सैल झालीय तिची. मी नवी पाठवतो."

*

धंदेवाल्याच्या नजरेने मला तिथलं एक आवडलं. सायरन थांबतो, लोक वर येतात, आणि अर्ध्या तासात भाजीवाला शटर उघडून टोमॅटो मांडतो. सुनंदा म्हणाली, "घाबरत नाहीत असं नाही, नाना. घाबरतात, मग भाजी आणतात."

आणखी एक म्हणाली ती, ते मी विसरलो नाही. "इथे खाली जायला जिना तरी आहे. सीमेपलीकडे पण कोणाची आजी असेल, तिला कुठे नेत असतील?" बेनीने चष्मा पुसला.

*

आता मुख्य अडचण. नव्या इमारतीत घरातच एक पक्की खोली असते, सायरन झाला की दार लावून बसायचं. रिबकाबायची इमारत जुनी. पहिल्या मजल्यावरून जिना उतरून खालच्या शेल्टरमध्ये जायचं, आणि वेळ एक मिनिटाच्या आत. आणि रिबकाबाय खुर्चीतून उठायला तयार नाही.

"बाय, चला, सायरन आहे."

"कसला?"

"युद्ध आहे, बाय."

"मग त्यांना करू दे. मी काय करू?"

उचलावी तर ती सुनंदाच्या दीडपट. पहिल्या दोन वेळा सुनंदा तिला मिठी मारून तिथेच जमिनीवर बसली, खिडकीकडे पाठ करून. काच थरथरत होती. हे तिने आम्हाला चार दिवसांनी सांगितलं.

मिलिंद भडकला. विमानं परत सुरू झाली होती, त्याने ओळखीतून तिकीट बघितलं. "तू निघ. आत्ता."

"आणि हिला खाली कोण नेईल?"

"तू तरी कुठे नेतेयस? बसून राहता ना दोघी?"

सुनंदा म्हणाली, "मला शुक्रवारपर्यंत वेळ दे."

*

शुक्रवारचं सांगतो, त्यांचा शनिवार शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो. सूर्य कलला की रिबकाबाय रोजच्यापेक्षा वेगळी व्हायची. दर शुक्रवारी तिचा एकच प्रश्न, "घाणा थांबवला का?"

पहिल्यांदा सुनंदा म्हणाली होती, "इथे घाणा नाही, बाय." म्हातारी रात्रीपर्यंत अस्वस्थ. बेनीने मग सगळं समजावलं, आणि तेव्हापासून सुनंदा सांगायची, "थांबवला, बाय. बैल सोडला, चारा घातला." की रिबकाबाय डोक्यावर ओढणी घेऊन शांत बसायची.

त्या शुक्रवारी दुपारी सायरन झाला. "बाय, उठा." नाही. "बाय, पाया पडते." नाही. आणि सुनंदाच्या तोंडून निघून गेलं, "बाय, बैल सुटला!"

रिबकाबाय उठली. काठी घेतली. "कुठं गेला?"

"जिन्यातून खाली!"

सत्त्याऐंशी वर्षांची बाई कठड्याला धरून, तोंडाने "हो हो, थांब रे" करत जिना उतरली. शेल्टरमध्ये पोचली, दार लागलं, आणि मग बाहेर आवाज झाला.

मिलिंदने तिकिटाचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाला, "बैल धष्टपुष्ट ठेव."

*

पुढे सगळ्या इमारतीला कळलं. सायरन झाला की रशियन आजोबा वरूनच ओरडायचे, "बैल! बैल!" समोरच्या घरातली शाळकरी मुलगी जिन्यात "हो हो" करत पुढे पळायची. रशियन, मोरोक्कन, इथिओपियन, सगळे अलिबागचा बैल धरायला खाली.

पण आठवड्याने सुनंदाचा फोन आला, आवाज रडवेला. "नाना, बाय जेवत नाही. बैल अजून सापडला नाही म्हणते, बाबा मारतील म्हणते. सापडला सांगू?"

"सांग की."

"आणि परत सायरन झाला तर? सापडलेल्या बैलासाठी ती कशाला उतरेल?"

आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना उत्तरं दिली, इथे सुचेना.

बेनी बाकड्यावर मान खाली घालून बसला होता. तो हळूच म्हणाला, "दोन होते."

"काय दोन?"

"आमच्या बाबांचे बैल. एक फिरायचा तेव्हा दुसरा विसावा घ्यायचा. सोन्या आणि चांद्या."

त्या दिवशी अश्दोदला सोन्या सापडला, आणि रिबकाबाय वरण-भात जेवली. पुढच्या सायरनला चांद्या सुटला.

*

बेनीच्या घरी मलिदा झाला तो त्याच दिवसांत. मलिदा म्हणजे त्यांच्याकडे प्रेषित एलियाहूच्या नावाने गोड पोहे करतात, नारळ, खजूर, फळं घालून, आणि मागणं मागतात. मिलिंदला बोलावलं. तो बौद्ध, नवस वगैरे त्याच्या गावी नाही. दारातच म्हणाला, "बेनीकाका, मी हे मानत नाही."

बेनी म्हणाला, "तू मानू नकोस. तू नारळ खव."

याने चार नारळ खवले. सगळे उठल्यावर हळूच विचारलं, "मागणं मागायची वेळ गेली का?"

*

अखेर एक दिवस सायरन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. युद्धविराम म्हणाले. टिकेल की नाही ते मोठे लोक जाणोत. आम्ही धरलं टिकेल, आणि मिलिंदने सुनंदाच्या सुट्टीचं तिकीट काढलं, महिन्याभराने यायचं आणि परत जायचं. हो, परत जायचं. ते त्यानेच ठरवलं.

शुक्रवारी दुपारी सुनंदाने व्हिडिओ कॉल लावला. आम्ही तिघे बाकड्यावर डोकी जुळवून बसलो. कुकरची शिट्टी झाली, नव्या रिंगेची, खणखणीत. रिबकाबाय खिडकीपाशी खुर्चीत होती, ऊन अंगावर घेत.

"घाणा थांबवला का?" तिने विचारलं.

"थांबवला, बाय," सुनंदा म्हणाली. "आणि दोन्ही बैल गोठ्यात आहेत. आता नाही सुटायचे."

रिबकाबायने ओढणी डोक्यावर घेतली. सुनंदाला जवळ बोलावलं, आणि तिचा हात आपल्या हातात घेतला.

"बाबांकडे बैल दोनच," ती म्हणाली. "तू आजवर एकोणीसदा सोडलेस. हिशेब तरी खरा ठेव गो, बाय."