नवरदेवाच्या गाडीचा सायलेन्सर

नवरदेव गाडीतून उतरला नाही, सांडला. मी मागचं दार उघडलं तसा तो बाशिंगासकट बोरी गावच्या मांडवासमोर धुळीत आडवा झाला आणि भडाभडा ओकला. बँडवाल्याचा सूर मधेच तुटला. बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "आगं बया, फेफरं आलं की पोराला!"

एवढं बोलणं पुरे होतं. अक्षता वाटायला वेळ लागतो, असं बोलणं वाटायला लागत नाही.

गाडी मी चालवत होतो आणि गाडीचं कामही माझंच होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. जिंतूरला माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक लिंबाचं झाड, चार पत्रे आणि माझं तोंड. त्यातलं तोंड जास्त चालायचं. पंक्चर काढताना सापडलेला खिळा मी निजामाच्या तोफखान्यातला म्हणून दाखवायचो. लोक हसायचे, चहा पाजायचे आणि पुन्हा यायचे.

लग्नाच्या तोंडावर चारठाण्याहून दाजीबामामा आले. नवरदेव उत्तम हा त्यांचा भाचा. त्यांच्या जुन्या अँबॅसडरचा सायलेन्सर गंजून रस्त्यातच गळून पडला होता. नवीन औरंगाबादहून मागवायचा, तर तो लग्नाआधी येणं शक्य नव्हतं. पण 'होणार नाही' हे शब्द माझ्या तोंडातून निघत नसत.

"मामा, सायलेन्सर पायजे कशाला? रेसच्या गाडीला कुठं असतो? इंजिनाला मोकळा श्वास मिळतो. गाडी उडंल तुमची!"

"आवाज लय होईल की रे."

"होऊ द्या ना! नवरदेव तुमचा हाय, चोर हाय का गुपचूप न्यायला?"

मामा खुलले. मी कामाला लागलो. इंजिनात पेट्रोल जळतं, त्याचा धूर आधी फाटे असलेल्या एका बिडाच्या नळीत येतो. तिला मॅनिफोल्ड म्हणतात, कोणी हेडर म्हणतं. तिथून पाइप गाडीच्या पोटाखालून थेट मागं जातो आणि वाटेत सायलेन्सर असतो. मी तो पाइपच सोडवून टाकला. म्हणजे धूर आता पुढंच, गाडीच्या पोटाखाली मोकळा सुटणार. वर मामांना एक करामतही दाखवली. चालत्या गाडीची चावी क्षणभर बंद करून पुन्हा फिरवली, की न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत शिरून भडकतं. धडाम! उखळी बार उडवायला वेगळा माणूस नको.

आमच्याकडं लग्न लागायच्या आधी नवरदेवाला मारुतीला नेतात आणि तिथून वाजतगाजत मांडवात आणतात. त्याला परण्या म्हणतात. पुढं बँड, मध्ये नाचणारी मंडळी, मागं गाडी. मुंगीच्या चालीनं. मी दर वळणाला बार उडवत होतो. एक म्हैस दावं तोडून पळाली ती मानवतला जाऊन थांबली, असं मी पुढं कित्येक वर्षं सांगितलं. खरं म्हणजे ती पाणंदीपर्यंतच गेली.

मागच्या सीटवर उत्तमशेजारी करवली होती, त्याची धाकटी बहीण शकू. आवाजानं ती कान दाबून रडायला लागली. उत्तमनं तिच्यासाठी मागच्या काचा गच्च वर केल्या. मी मात्र बार उडाल्यावर लोकांची तोंडं कशी होतात ते बघायला मुंडकं खिडकीबाहेर काढून बसलो होतो. आतून मला कोणी हाक मारली असती तरी ऐकू आली नसती.

आणि आता उत्तम धुळीत पडला होता. तोंडावर पाणी मारलं तरी त्याची जीभ वळेना. नवरीचे वडील ग्यानोबाराव मांडवातून आले.

"दाजीबा, पोरगं पिऊन आलंय का फेफऱ्याचं हाय, ते सांगा. दोन्हीला आमची पोरगी मिळणार न्हाई."

"आवो पाटील, धडधाकट हाय पोरगं. ऊन लागलं असंल."

तेवढ्यात शकूही ओकली. कोणीतरी मागून म्हणालं, "बघा! घराण्यातच हाय!"

माझंही डोकं मघापासून ठणकत होतं. मी वाकून गाडीत बघितलं. मागच्या सीटखालचा पत्रा गंजून चाळणी झाला होता. गाडी वेगात असती तर धूर मागं उडून गेला असता. चालीच्या वेगात तो खालीच साचला आणि भोकांतून वर चढला. त्या धुरात एक वायू असतो. तो दिसत नाही, त्याला वासही नसतो आणि तो माणसाच्या रक्तातली हवेची जागा बळकावतो. मला हे ठाऊक होतं. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, हे मी स्वतः लोकांना शिकवायचो.

गप्प बसलो असतो तर उत्तमचं लग्न मोडलं असतं आणि पुढं शकूलाही कोणी पत्करलं नसतं.

"पाटील, पोराला काई न्हाई. गाडीचा धूर आत शिरला. चूक माझी हाय."

मांडव हसला. "निजामाच्या खिळ्यावाले मिस्त्री तुमीच ना?"

मी मामांकडं बघितलं. त्यांनीही अंग काढून घेतलं. म्हणाले, "तूच म्हणलास ना, उडंल म्हणून?"

ग्यानोबारावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "खरं असंल तर बस तू. मागं. काचा वर, गाडी चालू. आमी बघायलोत."

बसलो. काचेला चारी बाजूंनी तोंडं चिकटली. आधी कानशिलं धडधडायला लागली. मग गुडघे आपले वाटेनासे झाले. पुरे म्हणून हात वर करायला गेलो, तर हात उठेना. त्या क्षणी जी भीती वाटली तिच्यात मला एक अक्षरही वाढवावं लागत नाही. शर्टावर ओकलो. ग्यानोबारावांनीच दार ओढलं आणि मी नवरदेवाच्याच जागी सांडलो. तालुक्यातली माझी सगळी गिऱ्हाइकं भोवती उभी होती.

ग्यानोबाराव मंडळींकडं वळून म्हणाले, "फेफरं न्हाई. मिस्त्री हाय. चला, अक्षता वाटा."

लोक हसत मांडवात गेले. मी मांडवाबाहेरच्या एका लिंबाला टेकून बसलो होतो. शकू जवळ आली, तोंड अजून पांढरंफटक.

"मिस्त्रीकाका, मी मरणार न्हाई ना?"

मला गोष्ट रचता येते, सोंग आणता येतं, पण तेव्हा मी तिला फक्त वाऱ्याकडं तोंड करून बसवलं. रस्ता आणखी लांब असता तर काय झालं असतं, हे मला एकट्यालाच माहीत होतं.

लग्न लागलं. संध्याकाळी गाडी चढाला ओढेना. पाइप नसताना इतके बार उडवल्यानं इंजिनातला धूर बाहेर सोडणारा एक व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, जळून गेला होता. मोकळा श्वास म्हणतात तो हा. नवरानवरी पाटलांच्या बैलगाडीतून चारठाण्याला गेली.

औरंगाबादहून सायलेन्सर आल्यावर मी तो बसवायला चारठाण्याला गेलो. शकू ओट्यावर खेळत होती. मला बघून तिच्या आईनं तिला उचललं आणि आत नेलं.

लोकांना वाटतं, सायलेन्सर आवाज दाबायला असतो. पाइप आणि सायलेन्सर मिळून धूर माणसांपासून लांब नेऊन सोडतात, आवाजाचं काम त्यानंतरचं. ज्या गाडीचा धूर कुठं जातो ते आपण वाकून बघितलं नाही, त्या गाडीची तारीफ करू नये.