अहमदचाचाच्या शेतातलं पाणी

आमची पलटण काश्मीरच्या युद्धबंदी रेषेवर पोचली, तेव्हा भाताचा हंगाम होता. नकाशावर ती रेषा पेन्सिलीची होती. जमिनीवर ती तिथल्या म्हाताऱ्या अहमदचाचाच्या शेतातून जात होती. वरच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्याच्या, आपल्या बाजूला. खालच्या त्याच्या भावाच्या, पलीकडे. मधे मातीचा धुरा, म्हणजे बांध. मी नाईक होतो, हाताखाली नऊ जवान. सहाला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यात सज्ज, मग गस्त.

गस्तीत रोज धुरा वीतभर फोडलेला दिसे आणि पाणी पलीकडे चाललेलं. दुपारी तो बुजलेला असे. आधीच्या पोस्टवर मी एक माणूस गमावला होता. दुधानं तोंड पोळलेलं, मी ताकही फुंकून पीत होतो. मला ती दुश्मनाला केलेली खूण वाटली: धुरा फुटला की गस्त निघाली, बुजला की गस्त परतली.

शिपाई गोविंदा माझ्याच चांदा जिल्ह्यातला, सिंदेवाहीकडच्या धान पिकवणाऱ्या घरातला. तो हसला.

"भाऊ, खूण कायची? म्हातारा खालच्या बांधीले पानी देऊन राह्यला."

"दुश्मनाला?"

"भावाले. आपल्या इकडं खालच्याचं पानी कोनी अडवते का?"

"धुरा बंद. ऑर्डर आहे."

चाचा हात जोडून उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पाचव्या दिवशी खालच्या बांधीला भेगा पडल्या. गोविंदाला जेवण जाईना.

सहाव्या दिवशी सकाळी सहा दहाला तो फावडं घेऊन धुऱ्यावर दिसला.

"गोविंदा, परत ये!"

त्यानं दोन घाव घातले, धुरा फुटला. पलीकडच्या संत्रीला वाटलं असणार, हा सुरुंग पेरतोय. तोही माझ्यासारखाच संशयी. एकच गोळी आली.

वायरलेसवर मी कळवलं, "एक जवान पडला. ओव्हर."

"रेषेवर काय करत होता? ओव्हर."

"पाणी सोडत होता. ओव्हर."

दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची फ्लॅग मीटिंग होईपर्यंत धुऱ्याजवळ कुणालाच जाता आलं नाही. संध्याकाळी आम्ही त्याला आणलं. तो धुरा मी पुन्हा बुजवू दिला नाही. पण ही अक्कल मला एका माणसाचा जीव गेल्यावर आली.

गोविंदाची ट्रंक घेऊन मी त्याच्या गावी गेलो. वडील बांधीतल्या चिखलात उभे होते. मी सगळं सांगितलं. ऑर्डर माझी होती, हेही. ते धुऱ्यावर बसले. मग विचारलं, "पानी गेलं का जी खाली?"

"गेलं, बाबा. दिवसभर."