मामीने दगडांचं वाण दिलं ती संक्रांत

माझा एक नियम आहे. वर्षभर ज्या वस्तूला हात लागला नाही, ती घराबाहेर गेली पाहिजे. आदिलाबादमधल्या माझ्या सगळ्या नातेवाइकांना मी हा नियम ऐकवलेला आहे, बहुतेकांनी न विचारता. मामीला ऐकवला, ती मात्र चूक झाली.

मामा बेल्लमपल्लीकडच्या एका कोळसा खाणीत जमिनीखाली कामाला होता. खाण बंद झाली, क्वार्टर सोडावं लागलं, आणि मामा-मामी इथे आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले. सोबत पत्र्याची एक पेटी आली. ड्यूटी संपवून वर येताना मामा जेवणाच्या रिकाम्या डब्यात दगड टाकून आणायचा. कोळसा कधीच नाही. कोळशाच्या सोबतीने सापडणारं बाकी सगळं. मामी म्हणायची, "या माणसानं जलमभर भाकर नेली अन् गोटे आनले."

गेल्या डिसेंबरात मी त्या पेटीची यादी केली. एकवीस नग. प्रत्येकाला चिकटपट्टीवर आकडा दिला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला. सोनमाखीचे पाच तुकडे होते, पितळेसारखे चकाकणारे. लोखंडी मातीचे गोल, जड गोटे चार, गंजलेल्या लाडवांसारखे. जिप्समच्या काचेसारख्या सुया होत्या. कॅल्साइटचे पांढरे पापुद्रे होते. त्यांच्यावर लिंबू पिळून मामा फेस काढून दाखवायचा, आणि लिंबू अर्थातच मामीचं, न विचारता घेतलेलं. शिवाय राखाडी दगडाच्या एका खापेवर जिभेसारख्या लांब पानाचा ठसा होता. तसं पान असलेलं झाड आता पृथ्वीवर नाही, हे मामा असं सांगायचा की जणू शेवटचं झाड त्याच्यासमोर पडलं.

यादीला कारण होतं. मुलींच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मामाला दगड घेऊन प्रदर्शनात बोलावलं होतं. खाण सुटल्यापासून मामाला कुणी कशाबद्दल काही विचारलं नव्हतं. लाइटबिल भरलं का, एवढंच. त्याने चार पानांचं भाषण लिहिलं आणि मला दोनदा वाचून दाखवलं.

"तुह्या मामीले सांगू नको," तो म्हणाला. "हासते ती."

मी सांगितलं नाही. ही दुसरी चूक.

प्रदर्शन मंगळवारी होतं. रविवारी मामीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि मामा गुडीहत्नूरला एका बारशाला गेला होता, तो सोमवारी दुपारी येणार होता. त्या दिवशी माझ्याकडे आणखी तीन घरांची आमंत्रणं होती. जवळचं घर शेवटी, या हिशेबाने मी मामीकडे सगळ्यांत उशिरा पोचले. मामीने हळद-कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि माझ्या पदरात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड टाकलं. मला वाटलं, यंदा पितळी वाटी दिसते. उघडलं. आत सोनमाखीचा तुकडा होता. त्याला हळद लावलेली होती आणि हळदीखालून माझ्याच अक्षरातला सात दिसत होता.

"मामी! हे काय करून राह्यल्या तुमी?"

"काऊन? तूच तं सांगतलं होतं, वर्सभर हात नाही लागला का घराबाहेर."

"वाणात?"

"मंग काय रस्त्यावर फेकू? चांगले गुंडाळलेले, नंबर टाकलेले. तू एवढी मेहनत केली, मले वाटलं वाणासाठीच केली." मामी खुशीत होती. "चौदा बाया झाल्या. साऱ्यायले आवडलं. गेल्या साली प्लास्टिकच्या गाळण्या देल्या होत्या, त्याच्याहून बरं."

मी प्रदर्शनाचं सांगितलं. बारशाला जाताना मामाने भाषणाचे कागद माझ्याकडे का ठेवले तेही सांगितलं. मामीचा हात तिळगुळाच्या डब्यातच थांबला.

"मले काऊन नाही सांगतलं त्यानं?"

"तुमी हासता म्हणून."

मामी हसली नाही. पेटीकडे गेली, उरलेले सात दगड मोजले, झाकण लावलं. "उद्या सकाळी आठ वाजता ये," म्हणाली. "चपला घालूनच ये."

आता आमच्यात वाण परत मागत नाहीत. सवाष्णीने दिलेलं सवाष्णीने परत घ्यायचं म्हणजे अपशकुनच. वाटेत मी मामीला तीन पर्याय सांगितले: उसनं मागायचं, बदल्यात दुसरं वाण द्यायचं, किंवा सरळ खरं सांगायचं. मामी म्हणाली, "पहिल्या घरी पाहू."

पहिलं घर शेजारच्या तेलुगू अक्कांचं. त्यांनी लोखंडी गोटा देवघरात बसवला होता. कुंकू, झेंडूचं फूल, पुढे साखर.

"अक्का, तो दगड दोन दिवसांसाठी..." मी सुरुवात केली.

"अय्यो! दगड म्हनू नका," अक्का म्हणाल्या. "रातीपासून पूजा चालू हाय. उठवता येत नाही."

दुसऱ्या घरी, निवृत्त अव्वल कारकुनाकडे, बाईंनी दार अर्धंच उघडलं. साहेब झोपले आहेत म्हणाल्या. तेवढ्यात साहेब फाटकातून आत आले. बाजारपेठेतल्या सोनाराकडून येत होते, हातात मामाची सोनमाखी, आणि चेहऱ्यावर सोनाराने काय सांगितलं ते स्पष्ट लिहिलेलं. मामीने त्यांच्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मला तोंड फिरवावं लागलं.

तिसऱ्या घरी गोटा लिंबाच्या लोणच्यावर वजन म्हणून ठेवला होता. मुलांच्या शिक्षणासाठी सीमेवरच्या गावाहून इथे राहायला आलेली ती शेतकरीण दार उघडतानाच म्हणाली, "मामी, असा गोटा आमच्या साऱ्या वावरात नाही वं! आनखी आहे काय एखांदा?"

चौथ्या घरी पोचेपर्यंत माझे तिन्ही पर्याय खलास झाले होते. तिथे पानाचा ठसा होता, शोकेसमध्ये, नातवाला बक्षीस मिळालेल्या कपाशेजारी. ती बाई हात जोडून म्हणाली, "वाण परत मांगू नका. मले कसंतरी होते." मामी उंबऱ्यात थांबली. मग म्हणाली, "परत नाही मांगत. उद्या दहा वाजता तूच घेऊन ये शाळेत. तुहाच आहे तो, तूच पकडून उभी राह्य." आणि मागे वळून आधीच्या तीन घरीही तेच सांगितलं. उरलेल्या घरी तर ती दारातूनच हुकूम सोडत सुटली.

मामा दुपारी आला. मामीने स्वतःच सांगितलं, पाणी द्यायच्या आधी. मामा पेटीवर बसला. मग मला विचारलं, "पान कोनाकडे?"

"शोकेसमधी."

"अन् सोनमाखी?"

"एक सोनाराकडे जाऊन आली."

त्याच्या मिशा हलल्या, पण तो हसला नाही. मामीने त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "भासन मले वाचून दाखव. एका जागीही हासली तं सांग." मामाने चारही पानं वाचली. मामी हसली नाही, फक्त तिसऱ्या पानावर म्हणाली, "लंबं आहे."

मंगळवारी शाळेच्या व्हरांड्यात तेरा बायका ठेवणीतल्या साड्या नेसून ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीच्या पुढ्यात ताटली आणि ताटलीत दगड. चौदावी मी, नंबर सात घेऊन. अक्कांनी देव उठवला नव्हता. देवघरातलं पाटासकट सगळं उचलून आणलं होतं. विज्ञानाच्या बाई गोंधळल्या. मुलींना मात्र भारी मजा वाटत होती.

मामाने घसा साफ केला, भाषणाचे कागद काढले. पहिलं वाक्य झालं नाही तोच अक्का एका मुलीला सांगू लागल्या, हा स्वयंभू आहे.

"अक्का," मामा म्हणाला, "हे लोखंड आहे. मातीत मिसळलेलं."

"देवात लोखंड नसते काय?"

"हा कोळशाच्या थराजवळ सापडते."

"मंग देव तिथंच राहत होता की हो. तुमी आनला त्याला वर."

मामाने कागद खिशात टाकले. दोन ताटल्या पुढे लोणच्यावाली सांगत होती की तिच्या गोट्याने लोणच्याला बुरशी लागत नाही. त्याच्या पलीकडे अव्वल कारकुनाच्या बाई अगदी गंभीरपणे सांगत होत्या की हे सोनं नाही, आणि नवख्या माणसाची कशी फसगत होते. मामा एका ताटलीवरून दुसरीकडे धावत होता. इथे हरकत घे, तिथे दुरुस्ती कर, मग परत अक्कांकडे, कारण अक्का आता सांगत होत्या की देव खाणीत किती फूट खाली होता. मुली त्याच्यामागे घोळक्याने फिरत होत्या. जेवणाची सुट्टी झाली, घंटा वाजली, कुणी हललं नाही.

घरी येताना एका रिक्षात सहाजणी आणि मामा, सगळ्यांच्या मांडीवर दगड. अक्का आणि मामा अजून भांडतच होते. रिक्षावाल्याने वळून विचारलं की यात नेमका देव कोणता. त्यावर मामी म्हणाली, "तू समोर पाह्य बाप्पा. हे बुवा सांगतील, पन तुहं स्टँड येऊन जाईल तरी ह्यायचं संपनार नाही."

मामाने ऐकलं नाही. तो रिक्षावाल्याला सांगायला लागला होता.